हमिदाबीची खूण

अब्दुल सत्तार बोलायला उभे राहिले की समोर चार माणसं असोत की चारशे, त्यांचा आवाज आपोआप एक पट्टी वर जायचा. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचा स्टुडिओ होता. दारात काचेचं शोकेस, आत एक उंच स्टूल, आणि स्टुलामागे त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला पडदा. पडद्यावर निळं तळं आणि तळ्यात एक हंस. हंसाची मान जरा जास्तच लांब झाली होती, पण वीस वर्षांत कुणी ते बोलून दाखवलं नव्हतं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की सत्तारभाई दोन पावलं मागे सरकत, मान तिरकी करत आणि म्हणत, "जरा हनुवटी खाली. नजर माझ्याकडे नको, माझ्या मागं कुणी तरी तुमचं लाडकं माणूस उभं हाय, त्याच्याकडे." माणूस खरंच वळून पाहायचा, हसायचा, आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा. ओळखपत्राच्या फोटोलाही ते एवढीच मेहनत घेत.

हमिदाबी त्यांची बायको. माहेर तिवश्याचं, बाप शिंपी, सातवीपर्यंत शाळा मराठी. घरात दोघांचं बोलणं उर्दूत चाले, पण हमिदाबीला राग आला की ती सरळ वऱ्हाडीवर येई. त्यामुळे हमिदाबी कुठल्या भाषेत बोलतेय एवढं ऐकलं की घरातली हवा सत्तारभाईंना कळत असे.

तिच्या हातात कॅमेरा आला तो सत्तारभाईंनीच दिला म्हणून. लग्नात मर्दान्याचे फोटो हे काढत. पण बायकांच्या बाजूला, जिथं नवरी बसलेली, मेंदी चाललेली, जिथं बायका डोक्यावरचा पदर बाजूला टाकून मोकळ्या हसतात, तिथं यांना प्रवेश नव्हता. अल्बमची अर्धी पानं कोरी राहत. एका लग्नात त्यांनी बायकोला कॅमेरा दिला, वरची चकती जुळवून दिली आणि बजावलं, की हिला हात लावू नकोस, फक्त हे बटण दाबायचं. तिसऱ्या लग्नाला तिनं चकती स्वतःच फिरवली. दहाव्या लग्नापर्यंत गावोगावच्या बायका निरोप पाठवू लागल्या, की फोटोवाली आपा येणार असेल तर या, नाही तर राहू द्या.

याला कारण होतं. त्या खोलीच्या उंबरठ्यावर हमिदाबी उभी राही आणि आतल्या सगळ्यात वयस्कर बाईला सांगे, की जे काढीन ते माझ्या हातातून तुमच्या हातात येईल, मध्ये तिसरा हात नाही. शब्द दिला म्हणजे दिला. काळ्यापांढऱ्या फोटोंच्या काळात ती ते रोल स्वतः धुवायची, दाराला आतून कडी लावून. रंगीत आले तेव्हा ती लॅबवाल्याच्या डोक्यावर उभी राहायची आणि निगेटिव्ह पर्समध्ये घालूनच घरी यायची. सत्तारभाई कधी विचारायचे नाहीत, कधी पाहायचे नाहीत. तो त्यांचा मोठेपणा होता आणि तो खराही होता.

मग स्टुडिओत कॉम्प्युटर आला, डिजिटल कॅमेरा आला, आणि मर्दान्याचे आणि जनान्याचे फोटो एकाच डब्यात जाऊन पडू लागले. एक लग्न, एक फोल्डर. हमिदाबीला झोप येईना. वरच्या मजल्यावर माधवी नावाची एक मुलगी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. हमिदाबीनं तिला आपली अडचण सांगितली. माधवीनं तिला दाखवलं, की फोटोवर उजवं बटण दाबायचं, प्रॉपर्टीज उघडायच्या, समरीत जायचं. तिथं त्या फोटोची जन्मपत्रिकाच असते. कुणी काढला, विषय काय, शेरा काय, आणि एक चौकट की-वर्ड्सची. तिथं जे लिहाल ते फोटोबरोबर राहतं, फोटोवर दिसत नाही. मग चित्रं न दाखवता नुसती नावांची यादी उघडायची, त्या शब्दाप्रमाणे लावून घ्यायची, की तसे सगळे फोटो एका बाजूला.

हमिदाबीनं त्या चौकटीत इंग्रजी अक्षरांनी एकच शब्द लिहायला सुरुवात केली, 'पर्दा'. प्रत्येक लग्नानंतर दोन दुपारी ती एकेक फोटो उघडून तेवढं लिहायची. ज्या नावापुढे तो शब्द असेल ते सत्तारभाई उघडायचे नाहीत. चार वर्षं हे असं चाललं. दोघांपैकी कुणालाही त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

ती वर्षं वऱ्हाडासाठी वाईट होती. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, खेड्यांतून रोज एक बातमी येत होती, लग्नं लहान होत चालली होती. आणि त्याच वर्षांत मुंबई-दिल्लीहून कॅमेरे लटकवलेली माणसं अकोल्याला उतरू लागली. त्यांतला एक जण सत्तारभाईंच्या दुकानात सेल घ्यायला आला. सत्तारभाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला, आपण तीस वर्षं फोटो काढतोय असं सांगितलं. तो माणूस पडद्यावरच्या हंसाकडे पाहून हसला, आणि अमुक खेड्याला जीप कुठून मिळते एवढंच विचारून निघून गेला. महिन्याभरानं त्याचे फोटो एका मोठ्या मासिकात आले. सत्तारभाईंनी ते मासिक विकत आणलं, पुन्हापुन्हा पाहिलं, आणि कुणालाही न दाखवता गल्ल्याखाली ठेवून दिलं.

म्हणून दोन हजार सातच्या फेब्रुवारीत अमरावतीच्या एका छायाचित्र मंडळाचं पत्रक आलं तेव्हा त्यांनी ते तिथल्या तिथं दोनदा वाचलं. 'आजचा वऱ्हाड' नावाचं प्रदर्शन भरणार होतं. मंडळाचे सचिव धर्मपाल, एका कॉलेजात ग्रंथपाल होते, सगळं पद्धतशीर करणारा माणूस. त्यांची अट अशी होती, की फोटो सीडीवर पाठवा, आणि छायाचित्रकाराचं नाव, शीर्षक, गाव हे फोटोच्या प्रॉपर्टीजमध्येच भरा, कारण फोटोखालची कार्डं आणि पुस्तिका कॉम्प्युटर तिथूनच उचलणार.

हमिदाबी तेव्हा भावाकडे तिवश्याला गेली होती, आठ दिवसांसाठी. सत्तारभाई माधवीकडून भरायचं कसं ते शिकून आले आणि दुपारच्या सामसुमीत बसले. आधी एकेक फोटो भरला. मग कंटाळले. मग त्यांना सापडलं, की सगळे एकदम निवडता येतात, एकदाच लिहायचं, सगळ्यांना लागू. त्यांनी सगळेच्या सगळे निवडले. चार वर्षांचे अकरा हजार फोटो. ऑथरच्या चौकटीत लिहिलं, अब्दुल सत्तार. की-वर्ड्सच्या चौकटीत लिहिलं, सत्तार फोटो स्टुडिओ, अकोला. कॉम्प्युटरनं विचारलं, काही फोटोंत आधीचं वेगळं काही लिहिलेलं आहे, सगळ्यांना हेच लावू का?

आधीचं काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक होतं. बोट बटणावर क्षणभर थांबलंही. पण पडद्यावर अकरा हजार वेळा आपलं नाव उमटणार होतं. त्यांनी होय म्हटलं. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत गेली आणि ते खुर्चीला टेकून एखादं नाटक रंगताना पाहावं तसे तिच्याकडे पाहत राहिले.

मग ते निवडायला बसले. आता कुठल्याच फोटोला खूण नव्हती, तेव्हा सगळेच उघडत गेले. बाजार, सरकीचे ढीग, बैल, शाळेतली पोरं. आणि उघडता उघडता तो एक फोटो उघडला.

धामणगाव रेल्वे या गावच्या गजालाबीच्या घरचा होता तो. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं होतं. मुलीची पाठवणी झाल्यावर गजालाबी घराच्या मागच्या कोठीच्या खोलीत जाऊन बसली होती, रचलेल्या गाद्यांच्या थप्पीवर. ओढणी खांद्यावर घसरलेली, केस मोकळे, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मांडीवर बांगड्यांचा रिकामा डबा. वरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी तिच्या चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर पडली होती, आणि ती ओल्या डोळ्यांनी दाराकडे पाहत होती, ज्या दारातून आत्ताच कुणी तरी गेलं असावं.

तीस वर्षांत आपल्याला असा एकही फोटो साधलेला नाही, हे सत्तारभाईंना पहिल्या नजरेतच कळलं. तेवढी नजर त्यांना होती. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की कॅमेरा माझा, स्टुडिओ माझा, शिकवलं मी. शीर्षकाच्या चौकटीत लिहिलं, 'वऱ्हाडची वेदना', आणि तो फोटो सीडीत घातला.

हमिदाबी परत आली. त्यांनी काही सांगितलं नाही.

मार्चच्या शेवटी अमरावतीला बक्षीस समारंभ होता. सत्तारभाईंबरोबर देवमन गेला. देवमन म्हणजे स्टुडिओला लागून ज्याचं फ्रेमचं दुकान होतं तो. काच कापावी तसं नेमकं आणि सरळ बोलणारा माणूस. सत्तारभाईंनी काढायचं आणि देवमननं चौकटीत बसवायचं, अशी दोघांची वीस वर्षांची जोडी. त्यानं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बसमध्ये चुरगळू नये म्हणून बडनेऱ्यापर्यंत उभ्यानं प्रवास केला होता.

पहिलं बक्षीस 'वऱ्हाडची वेदना'ला मिळालं. परीक्षक बाहेरचे होते, मोठे होते. ते माईकवर म्हणाले, की या एका चित्रात या प्रदेशाचं सगळं दुःख आहे, घरातला कर्ता गेलेली ही आई, तिच्या मांडीवर फुटलेल्या बांगड्यांचा रिकामा डबा, यापुढे शब्द थिटे आहेत. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. त्या दिवसांत वऱ्हाडातली रडणारी कुठलीही बाई दिसली की लोकांना एकच अर्थ सुचत होता.

सत्तारभाई मंचावर उभे होते. अंगावर शाल, हातात मानचिन्ह. तिथंच सांगता आलं असतं, की साहेब, हिचा नवरा जिवंत आहे, आणि हा फोटो माझा नाही. दोन वाक्यं. पण माईक त्यांच्यापुढे आला, उजेड तोंडावर आला, आणि त्यांचा आवाज सवयीनं एक पट्टी वर गेला. आपण त्या उजेडाची कशी दीड तास वाट पाहिली, त्या माऊलीच्या दुःखाला धक्का लागू नये म्हणून श्वास कसा रोखून धरला, हे त्यांनी सांगितलं. फार सुंदर सांगितलं. टाळ्या वाजल्या.

खाली उतरले तेव्हा देवमन त्या फोटोसमोर उभा होता. हात पाठीमागे बांधलेले. सत्तारभाई जवळ गेले तरी त्यानं मान वळवली नाही.

"सत्तारभाई," तो हळूच म्हणाला, "हे तं धामणगावचं लगन हाय. ह्या गाद्या सकाळी म्याच त्या कोठीत रचल्या होत्या. त्या रोजी आपुन दोघंबी भाईर मांडवात जेवत होतो. तुमी मले दुसऱ्यांदा बिर्याणी वाढाले लावली होती."

सत्तारभाई खांद्यावरची शाल सारखी करू लागले.

"मंग हे तुमी कवा काढलं?"

काढला म्हणावं, तर परक्या बायकांच्या खोलीत शिरलेला माणूस ठरायचं. नाही काढला म्हणावं, तर बायकोचं चोरलेला. देवमननं तिसरी वाट शोधायचा प्रयत्नच केला नाही. तो फक्त बाजूला झाला, कारण मागून दोन बुरखेवाल्या बाया फोटो पाहायला येत होत्या. त्यांतल्या एकीनं जवळ जाऊन नकाब वर केला, फोटो निरखला, दुसरीच्या कानात काही तरी सांगितलं. मग दोघींनी वळून आधी सत्तारभाईंच्या शालीकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लगेच त्या निघून गेल्या. त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे पाहताना सत्तारभाईंना कळलं, की संध्याकाळच्या गाडीनं ही बातमी धामणगावला पोचणार.

परतीच्या बसमध्ये देवमन यावेळी बसला. अकोला येईपर्यंत तो एवढंच बोलला, की भाबीले तुमीच सांगा, पेपर यायच्या आदी.

त्यांनी नाही सांगितलं. हमिदाबीनं शाल पाहिली, उलगडून स्वतःच्या हातावर घेतली, तिचा काठ कसा विणलाय ते पाहिलं. शेजारणींना शिरा वाटला. कुठला फोटो होता असं विचारलं तेव्हा सत्तारभाई हात धुवायला उठले आणि नळाच्या आवाजात काही तरी बोलले. तिला वाटलं बैलांचा असेल. बैलांचा चांगलाच होता, असं ती शेजारणीला सांगत राहिली, आणि ते आतल्या खोलीतून ऐकत राहिले.

सकाळी पेपर आला. चौथ्या पानावर फोटो, खाली नाव, खाली परीक्षकांचं भाषण. हमिदाबीनं उभ्याउभ्या वाचलं. मग घडी घालून पेपर स्टुलावर ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला, यादी उघडली आणि आपला शब्द शोधला. पडदाभर एकच ओळ वरपासून खालपर्यंत उतरत गेली होती, सत्तार फोटो स्टुडिओ, अकोला. ती खाली, आणखी खाली जात राहिली. सत्तारभाई शोकेसच्या काचेला टेकून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि ती वऱ्हाडीत बोलली.

"माह्या नावाचं सोडा. माही खूण कुठी हाय?"

"एकदमच सगळ्यांना लागलं..." ते म्हणाले.

"लागलं नाई. तुमी लावलं."

तिनं बुरखा घेतला आणि म्हणाली, चला, धामणगावले.

गजालाबीचा नवरा कापसाचा अडत्या. माणूस गमत्या. बाहेरच्या बैठकीत लोडाला टेकून बसला होता. हमिदाबी पडदा सारून आत गेली आणि सत्तारभाई बैठकीत राहिले. त्यानं यांच्यासाठी चहा मागवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो सांगू लागला, की सकाळपासून सात माणसं येऊन गेली, दोन फोन नागपूरहून. तिवश्याचा एक व्यापारी तर रुमाल डोळ्याला लावूनच पायऱ्या चढला आणि समोर याला पाहून दारातच बसला. "मी त्याले म्हटलं, भाऊ, आता आलाच आहे तं चहा घेऊन जा, मेलेल्या माणसाच्या हातचा." एवढं बोलून तो हसला. पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही, आणि चहाचा कप सत्तारभाईंपुढे ठेवताना त्याचा हात जरा जोरात टेकला.

पडद्याआडचं सगळं ऐकू येत होतं. गजालाबी रडत नव्हती. तिचा आवाज कोरडा होता.

"पोरगी गेल्यावर मी घरच्या कोणासमोर रडली नाई," ती म्हणाली. "नवऱ्यासमोर नाई, सासूसमोर नाई. त्या खोलीत फक्त तू होती. कॅमेरा होता तुह्या हातात हे बी मी विसरली होती. तुले पाहून रडली मी, हमिदा. आन् आता माहा तो पाय उघडा साऱ्या जिल्ह्यानं पाहिला."

हमिदाबीनं माफी मागितल्याचं ऐकू आलं नाही. नवऱ्यानं केलं, मी गावी होते, असंही ती म्हणाली नाही. मग तिचा आवाज आला, की मी शब्द दिला होता आणि तो मोडला. 'मी' म्हणाली ती, 'त्यांनी' नाही. सत्तारभाईंनी चहा खाली ठेवला. त्यांच्यासाठी अख्ख्या जन्मात कुणी एवढं मोठं ओझं उचललं नव्हतं, आणि ते उचलताना पडद्याच्या या बाजूला आपण लोडाला टेकून बसलो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. ते सरळ बसले. मग उभे राहिले. उभं राहून काय करायचं ते कळेना म्हणून तसेच उभे राहिले, दोघी बोलून होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ते एकटे अमरावतीला गेले. धर्मपालांच्या टेबलावर शाल आणि मानचिन्ह ठेवलं आणि जसं घडलं तसं सांगितलं. यावेळी आवाज एक पट्टी खालीच राहिला. धर्मपाल भला माणूस. त्यांनी तेव्हाच फोटो भिंतीवरून उतरवला, उरलेल्या पुस्तिका कपाटात बंद केल्या. मग म्हणाले, चाचा, एवढा चांगला फोटो आहे, बक्षीस चाचींच्या नावानं करून देतो, नाव बदलायला कितीसा वेळ लागतो.

नाव बदलायला किती वेळ लागतो हे सत्तारभाईंना चांगलं माहीत होतं. ते म्हणाले, मला तिला विचारावं लागेल. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं. हमिदाबीनं उत्तर दिलं, की तो फोटो माझाही नाही, तो गजालाचा आहे, तिनं माझ्याकडे ठेवायला दिला होता.

पेपरला सत्तारभाईंनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. त्या बाईचे पती हयात आहेत, फोटो मी काढलेला नाही, काढणारीला न विचारता मी तो माझ्या नावानं दिला, मंचावर सांगितलेलं खोटं होतं. पेपरनं ते शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात छापलं, पण जठारपेठेनं बरोबर शोधून काढलं. पानठेल्यावरून ते जाऊ लागले की कुणी तरी मागून म्हणायचं, सत्तारभाई, हनुवटी खाली. ते खरंच खाली घालून जायचे.

पण खरी शिक्षा ती नव्हती. त्या उन्हाळ्यात हमिदाबीला एकही निरोप आला नाही. तिवसा, बडनेरा, मूर्तिजापूर, कुठूनच नाही. लग्नं झाली. त्यांच्या दारावरून वराती गेल्या. तिनं कॅमेऱ्याला मऊ फडकं गुंडाळलं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. त्या कपाटासमोरून जाताना सत्तारभाई चोरासारखे जायचे.

रोज दुपारी दोघं खूण परत घालायला बसत. आता सगळे एकदम निवडायचे नव्हते. हमिदाबी कॉम्प्युटरसमोर, आणि सत्तारभाई तिच्याकडे पाठ करून स्टुलावर, तोंड आपल्या निळ्या तळ्याकडे आणि लांब मानेच्या हंसाकडे. त्यांच्या हातात नंबरांची छापलेली यादी. ते नंबर वाचायचे, ती फोटो उघडायची, पाहायची आणि सांगायची, पर्दा, किंवा नाही. पर्दा असेल तर ती चौकटीत लिही आणि ते यादीवर फुली मारत. अकरा हजार वेळा त्यांना मान वळवता आली असती. एकदाही वळवली नाही.

कधी कधी ती थबकायची आणि म्हणायची, हा माझा, पण पर्दा नाही. म्हणजे बाजारातला, एसटीतला, कापूस वेचणाऱ्या म्हाताऱ्यांचा. असे फोटो निघतच गेले. सत्तारभाईंना आतापर्यंत ते आपलेच वाटत होते. शोकेसमध्ये मधोमध लावलेला गव्हाच्या राशीवर झोपलेल्या पोराचा फोटोसुद्धा तिचाच निघाला. त्यांनी त्याच दुपारी तो उतरवून देवमनकडे नेला आणि खालची नावाची पट्टी बदलायला सांगितली. देवमननं कोणतं नाव ते विचारलं नाही. कात्री घेतली आणि म्हणाला, "लय दिवस लावले तुमी."

ऑथरच्या चौकटीचं मात्र ते विचारूनच करत. नाव लिहू का तुझं? पर्द्याच्या फोटोंना ती नको म्हणे, तिथं कुणाचंच नको. बाकीच्यांना एक दिवस हो म्हणाली. तेव्हा ते स्टुलावरून उतरले, तिच्या खुर्चीमागे आले आणि तिनं आपलं नाव एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहिलेलं पाहिलं. पट्टी सरकली नाही, हिरवं काही झालं नाही. एका फोटोला एक नाव लागलं. मग ती म्हणाली, पुढचा नंबर, आणि ते परत हंसाकडे तोंड करून बसले.

डिसेंबरात धामणगावहून फोन आला. गजालाबीच्या धाकटीचं लग्न ठरलं होतं. हमिदानं यावं. पण फोटो ज्या कार्डावर निघतील ते कार्ड खोलीतच गजालाच्या हातात द्यायचं. स्टुडिओत जायचं नाही, कॉम्प्युटरवर चढवायचं नाही. निरोप सत्तारभाईंनीच घेतला. पलीकडून गजालाबीच्या नवऱ्यानं विचारलं, मंजूर हाय का? ते म्हणाले, मी तिला बोलावतो, ती सांगेल.

लग्नाच्या दिवशी बॅग त्यांच्या खांद्यावर होती. जनान्याच्या पडद्यापाशी त्यांनी ती खाली ठेवली, कॅमेरा काढून दिला आणि खिशातून नवंकोरं कार्ड, वेष्टणसुद्धा न फोडलेलं. हमिदाबीनं ते गजालाबीसमोर फोडलं असावं, प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज पडद्याबाहेर आला. आतून कुणी तरी म्हणालं, या आपा. मग पडदा पडला.

सत्तारभाई रिकामी बॅग घेऊन मांडवात येऊन बसले. शेजारी मुलाकडचा एक पाहुणा होता, वाशिमकडचा. त्यानं बॅगेकडे पाहिलं, तिच्या जुन्या पट्ट्याकडे पाहिलं आणि विचारलं, फोटोग्राफर तुम्हीच का?

"नाई," सत्तारभाई म्हणाले. "फोटोग्राफर आत हायेत. मी बॅग घेऊन आलो."